खांबापासून फाटकापर्यंत बहात्तर

४ जानेवारी, रविवार

मलकापूरच्या प्रेसवाल्यानं प्रुफं बसच्या कंडक्टरजवळ दिली होती. स्टँडवर जाऊन घेऊन आलो. दोनशे बारा पानं. वर दोघांची नावं, आधी रशीदचं, मग माझं. तो असता तर 'आधी मास्तरचं टाका' म्हणून भांडला असता आणि मनातून खूश झाला असता.

पुस्तकाचं नाव रशीदच्या नसरीननं ठरवलं. 'मोडीत निघालेले इंग्रजी शब्द'. पोरगी बापासारखीच, नेमकं बोलते. लोणारला शाळेवर आहे. पंधरा फेब्रुवारीला रशीदची पहिली बरसी, त्या दिवशी देऊळघाटच्या वाचनालयात पुस्तक निघायचं. प्रुफं दोन तारखेच्या आत परत.

प्रस्तावना पुन्हा वाचली. "यातला प्रत्येक शब्द कोशात आहे, एकही आमच्या पदरचा नाही." वाक्य जमलंय. खाली माझी सही.

अकरा वाजता उगाच फाटकाकडे पाहिलं. रविवार आहे ना.

७ जानेवारी

न. चा फोन. "काका, मांगं एक यादी टाकू. कोणता शब्द कोशाच्या कोणत्या पानावर आहे, थे. लोकं विचारतील."

खरं आहे. लोकं विचारतीलच. बुलढाण्यात बसून दोन रिटायर मास्तर लॅटिनच्या गप्पा मारतात म्हटल्यावर हसणारे कमी नाहीत. पण कोशाचा पहिला भागच माझ्याजवळ आहे, ए ते एम. एन ते झेड रशीदकडे. मलकापूरच्या रद्दीत दोन्ही भाग सापडले तेव्हा वाटून घेतले होते. अट माझीच. जो थकेल, त्यानं आपला भाग दुसऱ्याला द्यायचा आणि खेळ बंद.

खेळ म्हणजे दर रविवारी प्रत्येकी तीन शब्द. कोणी वापरत नाही असे, मूळ लॅटिनमधलं. कार्डावर शब्द, मूळ, मराठी अर्थ आणि आपलं स्वतःचं एक वाक्य. दुसऱ्याच्या कार्डावर शंका घ्यायची नाही, ही पण माझीच अट. आधी आम्ही शंका घेऊन घेऊन दोन महिने अबोला धरला होता.

न. ला म्हटलं, भाग दुसरा घेऊन ये.

८ जानेवारी

थंडी. ओट्यावर ऊन खात बसलो आणि माझीच जुनी कार्डं चाळली.

ॲप्रिकेट. मूळ अप्रिकारी. ऊन खात बसणे. या एका कामासाठी इंग्रजांना वेगळा शब्द होता आणि त्यांनी तो मरू दिला. ऊनच पडत नसेल तिकडे.

हेस्टर्नल. मूळ हेस्टर्नस. कालचा. वाक्य: हेस्टर्नल भाकर दुधात बरी लागते.

मग रशीदचं एक. परेंडिनेट. मूळ पेरेंडिए, म्हणजे परवा. एखादं काम उद्यावर नाही, थेट परवावर ढकलणे. त्याचं वाक्य: दवाखान्यात जाणं मी परेंडिनेट केलं.

यावर आम्ही दोघं किती हसलो होतो.

११ जानेवारी, रविवार

न. आली, कोशाचा भाग दोन पिशवीतून आणला. चहा घेऊन लगेच गेली, दुपारची बस होती.

कोशाबरोबर त्याची भिंगंही दिली. भिंगं. दोन. एकावर एक ठेवून रबरबँडनं करकचून बांधलेली. मी डोळ्याला लावून पाहिलं, अक्षर बोराएवढं दिसतं. एका वेळी एकच.

विचित्र माणूस. एक चांगलं भिंग घेतलं असतं.

१३ जानेवारी

यादीला बसलो. रशीदची कार्डं तारखेप्रमाणे लावली. पहिली दोन वर्षं झटझट. शब्द कोशात सापडतो, बाजूला त्याची पेन्सिलीची खूण. न्यूडिअस्टर्शियन (परवाचा), रेडमन्सी (प्रेमाची प्रेमानं परतफेड), अल्ट्राक्रेपिडेरियन (आपल्याला कळत नाही तिथे तोंड घालणारा, वाक्यात माझं नाव). सगळे आहेत.

पासुन्यूमरेट नाही. मूळ पासुस म्हणजे पाऊल, न्यूमरारे म्हणजे मोजणे. चालताना पावलं मोजणे. पी चं पान तीनदा पाहिलं. उद्या पुन्हा.

१४ जानेवारी, संक्रांत

नाही.

पाल्पिलेक्शन नाही. चाचपून वाचणे. ओडोरिव्हियल नाही. वासावरून रस्ता ओळखणारा. व्होसिनोसंट नाही. आवाजावरून माणूस ओळखणारा.

बायकोनं, शोभानं, तीळगूळ दिला. "गोड बोला," म्हणे. मी व्ही चं पान पुन्हा उघडलं.

१५ जानेवारी

आकडा लागला. मागच्याच्या मागच्या वर्षीच्या ऑगस्टपासून तो गेला तोपर्यंत, अठ्ठावीस रविवार, चौऱ्यांशी कार्डं. एकही शब्द कोशात नाही. एकही. आणि मी ते सगळे स्वतःच्या हातानं उतरवून प्रेसला पाठवले.

सगळे त्यानं रचलेले. लॅटिन मुळं खरी, जोड चोख, शेपूट बरोबर. बनावट नाणं असावं तर असं.

फसवलं मला. माझ्या ओट्यावर, माझा चहा पीत, समोर बसून सात महिने फसवलं. आणि मी काय म्हणत होतो? "रशीद, हे शब्द म्हणजे तुझं सगळ्यात चांगलं काम आहे बे." त्यावर तो मान खाली घालून बसायचा. मला वाटायचं लाजतो.

१६ जानेवारी

संताप. जेवलो नाही नीट. प्रस्तावनेतलं ते वाक्य डोळ्यासमोरून हलत नाही. कोणी एकानं जरी तपासलं तर चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाची गावभर फजिती.

चौऱ्यांशी नोंदींवर लाल काट मारायला घेतली. बारा झाल्या. मग शोभा आली. "काय खोडून राह्यले एवढं?"

सांगितलं. ती कपडे वाळत घालायला गेली. तिच्या पाठीवरून मला कळतं, तिला काहीतरी बोलायचं असतं तेव्हा.

१७ जानेवारी

शोभाला विचारलंच. काय ते बोल.

"तुमाले खरंच ठाऊक नाई?"

काय?

"त्यायले दिसत नव्हतं."

म्हटलं, कोणाला?

"रशीदभाईले. मीच कप त्यायच्या हातात देत होती. बशी खाली ठेवली का हात चाचपत राहे. एकदा तुमच्या चष्म्याच्या डबीत बिस्कीट बुडवलं त्यायनं. तुमी शब्द वाचून राह्यले होते."

मग मला काऊन नाही सांगितलं?

"मले वाटलं तुमाले मालूम आहे. समोरासमोर बसत होते तुमी."

तीन फुटांवर. दर रविवारी दोन तास.

१८ जानेवारी, रविवार

सकाळपासून कोशातल्या त्याच्या खुणा पाहतोय. आधी बारीक, नीट, शब्दाला चिकटून. मग मोठ्या. मग दोन ओळींवर पसरलेल्या. त्या ऑगस्टच्या आधीच्या जुलैत एक तर समासात गेलीय, शब्दापासून चार बोटं लांब. त्यानंतर खूणच नाही.

कार्डांवरचं अक्षरही तसंच. जाड मार्करनं, पट्टी धरून. मी म्हणायचो, "पहिलीतल्या पोराचं अक्षर झालं तुझं." तो म्हणायचा, "हात थरथरते बे मास्तर, वय झालं." आणि आम्ही हसायचो.

त्या जुलैचे शेवटचे दोन रविवार शोधून काढले. हे लिहायलाच पाहिजे.

पहिला रविवार. तीन कार्डं. ही खरी आहेत, कोशात आहेत.
ऑब्न्यूबिलेट. मूळ ओब्नुबिलारे. ढग दाटून येणे.
ऑब्टेनेब्रेट. मूळ ओब्टेनेब्रारे. अंधारून येणे.
ऑक्सिकेशन. मूळ ऑकेकाटियो. आंधळेपण.
वाक्यं तिन्हींवर सारखीच, नुसतं "आज".

मी काय म्हणालो तेही मला आठवतं. म्हणालो, "तिन्ही शब्द ओ चे? जवळजवळच्या पानांवरून उचललेस. कामचोर आहेस." आणि ऑकेकाटियोत दोन 'सी' का, यावर त्याला पंधरा मिनिटं ऐकवलं.

तो ऐकत राहिला.

त्यानं सांगितलं होतं. आम्हाला जी रीत होती त्या रीतीनं सांगितलं होतं. मी मूळ पाहिलं, माणूस पाहिला नाही.

१९ जानेवारी

कालचं पूर्ण करतो, टाळलं तर टाळतच जाईन.

त्याच्या पुढच्या रविवारी तो एकच कार्ड घेऊन आला. सेनेक्टिट्यूड, म्हातारपण. एकच! खेळाचा नियम, ज्याची कार्डं कमी त्यानं उभं राहून दोन्ही कान धरायचे आणि म्हणायचं, "सर, मी अभ्यास केला नाही." पोरांना आयुष्यभर करायला लावलं, आता आपण. गंमत म्हणून ठेवला होता. मी स्वतः चारपाच वेळा धरलेत कान.

त्या दिवशी घरी माझे व्याही आले होते. मी त्यांना हाक मारून बाहेर बोलावलं. या या, गंमत बघा. रशीद उठला, कान धरले, म्हणाला. व्याही हसले. मी मोबाइलवर फोटो काढला.

मग मी आणखी म्हणालो, "जमत नसेल तर आण तो भाग दुसरा. माझी जोडी पूर्ण होईल."

फोटो आज पाहिला. तो हसतोय. पण माझ्याकडे पाहत नाही. मोबाइलच्या दोन हात डावीकडे पाहतोय, जिथून मी फोटोसाठी गुपचूप उठून आलो होतो. तिथे माझी खुर्ची असायची.

पुढच्या रविवारपासून तीन कार्डं. एक रविवार चुकला नाही.

२१ जानेवारी

पासुन्यूमरेटच्या कार्डावर त्याचं वाक्य: खांबापासून फाटकापर्यंत बहात्तर.

तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी काव्य करतोय.

आज संध्याकाळी जाऊन कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापासून आमच्या फाटकापर्यंत मोजलं. अठ्ठावन्न. परत मोजलं, अठ्ठावन्न. म्हटलं, माझी पावलं लांब असतील, पण रशीद माझ्यापेक्षा वीतभर उंच.

मग डोळे मिटून निघालो. डोळे मिटले की पाऊल आपोआप लहान पडतं. हात पुढे येतात, ते मी मुद्दाम खाली धरले, कारण तो हात पुढे करून कधीच आला नाही, ते मला आठवतं. एकसष्ट, बासष्ट. मोटारसायकल गेली तेव्हा जागीच थांबलो. सत्तर. एकाहत्तरला गुडघा फाटकावर आपटला.

समोरच्या वाकोडेबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय हरपलं का हो सर?"

हो म्हटलं.

२२ जानेवारी

काट मारलेल्या बारा नोंदी परत जशाच्या तशा करायच्या म्हणून बाजूला खुणा केल्या. मग थांबलो. ठेवायच्या तर प्रस्तावनेतलं वाक्य खोटं. काढायच्या तर शेवटचे सात महिने रशीद पुस्तकात नाहीच. आणि खरं लिहायचं, 'हे चौऱ्यांशी शब्द माझ्या मित्रानं दिसत नसल्यामुळे रचले', तर जे त्यानं माझ्यापासून लपवलं ते मी छापून वाटणार.

तिन्ही वाटा वाईट.

२५ जानेवारी, रविवार

देऊळघाटला गेलो. न. घरी होती. सांगायचं ठरवून गेलो होतो.

आधी डोळ्यांचं विचारलं. ती माझ्याकडे पाहतच राहिली. "काका, काचबिंदू होता. आधी अब्बाच दवाखान्यात जाऊ जाऊ करत राह्यले, मग उशीर झाला. तुमाले सांगतलं असं म्हने थे आमाले. 'मास्तरले सारं मालूम आहे, त्यानंच मले धीर देल्ला.'"

धीर. मी.

"घरात आमी हात धरून नेत होतो. न्हाणीत, मशिदीत, सारीकडे. रविवारीच फक्त... भाऊ त्यायले काळी-पिवळी जीपनं घेऊन ये, खांबापाशी हात सोडायला लावत. म्हने, इथून मी मास्तर आहे. दोन तासांनी पुन्हा खांबापाशी. परत येताना खूप बोलत. आज मास्तरनं माझ्या शब्दाची लय तारीफ केली, असं."

मी विचारलं, कार्डं कधी लिहायचे?

"आठवडाभर. भिंतीले टेकून बसत, ओठ हालत. मले वाटे तस्बीचा जप करून राह्यले. जवळ गेलं तर लॅटिन." ती हसली. मग रडली. मग पुन्हा हसली, आणि विचारलं, "अब्बाचे सारे शब्द आहेत ना पुस्तकात?"

मी म्हणालो, आहेत.

तेवढंच बोलून परत आलो. बुलढाण्याच्या स्टँडवर उतरलो तर भज्यांचा घाणा चालू होता. ओडोरिव्हियल. त्याचं वाक्य: भजे आले की उतरायचं.

२८ जानेवारी

प्रेसचा फोन. दोन तारीख म्हणजे दोनच, पुढे लग्नपत्रिकांची घाई आहे. यादीचं विचारलं. म्हटलं, चालू आहे.

यादीत चौऱ्यांशी जागा रिकाम्या. पान क्रमांक काय टाकू? कोणाला काय कळतंय, टाकावेत मनाचे, असंही मनात आलं. म्हणजे मीही रचायला लागलो. पण त्याच्या रचण्याला लाज होती. माझ्याला नुसती भीती.

एक गोष्ट कबूल करतो. शब्द म्हणून पाहिलं तर ते चौऱ्यांशी खरोखरच चांगले आहेत. आधीचे आम्ही दोघांनी रद्दीतून उचलले, दुसऱ्यांनी टाकून दिलेले. त्यांचं कुणाला काही काम नव्हतं. याच शब्दांचं एका माणसाला रोज काम पडत होतं.

३० जानेवारी

न. चा फोन. आवाजात आनंद. बरसीला ती बोलणार आहे, भाषण लिहून झालं, ऐका म्हणाली.

"मी व्होसिनोसंट या शब्दावर बोलणार आहे, काका. आवाजावरून माणूस वळखनारा. मी म्हणणार, आमच्या अब्बासारख्या माणसासाठी इंग्रजी भाषेत शेकडो वर्षं आधीपासून शब्द होता. लोकं इसरले, पन शब्द होता. अब्बा एकटे नव्हते. हे वाचून मले इतकं बरं वाटलं ना..."

मी रिसीव्हर... मोबाइल कानाला धरून उभा. 'नसरीन, असा शब्द नव्हता' एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. वर्गात साठ पोरांसमोर कधी जीभ अडखळली नाही माझी.

"बरोबर आहे ना, काका?"

बरोबर आहे, म्हणालो.

३१ जानेवारी

शोभा म्हणते, "छापा जसं आहे तसं. कोन पाह्यते?"

म्हटलं, मी पाहतो ना.

"आता पाह्यता," ती म्हणाली आणि आत गेली. तिचं काही चुकलं नाही.

दुपारी प्रस्तावना नव्यानं लिहायला घेतली. चार वेळा. एकात खूप खरं झालं, एकात खूप गोड. एकात माझंच कौतुक यायला लागलं, मित्राला समजून घेणारा वगैरे. फाडली.

त्याची चौऱ्यांशी कार्डं हातात घेऊन बसलो. शेवटच्या रविवारचं शेवटचं कार्ड. मी तेव्हा वाचलं होतं, उतरवलं होतं, टाइप करून पाठवलं होतं. सिम्युलेजंट. मूळ सिमुलारे, सोंग करणे, लेगेरे, वाचणे. वाचायचं सोंग करणारा. वाक्याची जागा कोरी. मी तेव्हा ओरडलो होतो, वाक्य कुठाय? तो म्हणाला, "तू टाक बे मास्तर. पुढच्या रविवारी पाहू."

मग ताप आला त्याला. चार दिवसांत गेला.

१ फेब्रुवारी, रविवार

अकरा वाजता ओट्यावर दोन खुर्च्या टाकल्या. शोभानं काही न विचारता दोन कप आणले. दुसरा तिनं समोरच्या खुर्चीच्या हातावर ठेवला, कडेला नाही, मधोमध, जिथे हाताला सापडेल.

सिम्युलेजंटचं कार्ड समोर घेतलं. पेन काढला. वाक्य टाकायचं माझ्याकडे राहिलं होतं. लिहिलं: रशीद डोळ्यांनी वाचत नव्हता, मी डोळे असून सिम्युलेजंट. खोडलं. फार सजवलेलं. शेवटी नुसतं "मी" लिहिलं.

माझी आजची कार्डं? एकही नाही. वर्षभरात एकही केलेलं नाही.

उठलो. दोन्ही कान धरले. शोभा दारात उभी होती, वाकोडेबाई कुंपणापाशी होत्या, मला दिसत होत्या, तरी धरले. समोरच्या खुर्चीकडे पाहून म्हणालो, "सर, मी अभ्यास केला नाही." कोणी हसलं नाही. बराच वेळ खाली बसवेना.

प्रुफं टेबलावर आहेत. प्रस्तावनेतल्या त्या वाक्याभोवती पेन्सिलीचा गोल केलाय, पुढे काही नाही. उद्या सकाळच्या बसनं पाठवायला हवीत. दोन वाजता नसरीनचा फोन वाजला, मी उचलला नाही. आता पुन्हा वाजतोय.